आत ओढलेला होकार

माझ्या फुप्फुसांविषयी आमच्या मीरलिडेन गावात आजवर कोणी शंका घेतली नव्हती. माझ्या गाडी चालवण्याविषयी घेतली आहे, लाकडं फोडण्याविषयी घेतली आहे. एल्क हरणांच्या शिकारीला न जाता नगरपालिकेच्या कचेरीत बसून रस्त्यावरच्या दिव्यांची देखभाल बघणं हा पुरुषाला शोभणारा धंदा आहे का, ही शंका तर माझे सासरे जाईपर्यंत घेत होते. पण फुप्फुसं? आगमनाच्या पहिल्या रविवारी, नाताळच्या तयारीचा पहिला दिवा लागतो तेव्हा, आमच्या चर्चमध्ये एकट्याने गायचा एक तुकडा असतो. तो मी गातो. त्यातला शेवटचा स्वर मी असा धरून ठेवतो की पहिल्या बाकावरच्या हुल्दा आजी तेवढ्या वेळात पर्समधून खडीसाखरेची गोळी शोधतात, तिचा कागद सोडतात आणि ती तोंडात टाकतात. गोळी तोंडात गेल्याशिवाय मी स्वर सोडत नाही. हा आमच्यातला अलिखित करार आहे.

त्याच फुप्फुसांवर डॉ. आनेके तेर्पस्त्रा यांनी नळी टेकवली, बराच वेळ ऐकलं आणि अतिशय मऊ आवाजात विचारलं, "एलोफ, हे कधीपासून चाललंय?"

मी कान दाखवायला गेलो होतो.

खरं तर मला कानाचंही काही झालं नव्हतं. मला गावाने पाठवलं होतं. आमच्या दवाखान्याला बरीच वर्षं कायमचा डॉक्टर नाही. महिन्यातून एकदा कोणीतरी विमानाने येतो, आमच्याकडे बघून थंडीने शहारतो आणि परत जातो. शेवटी वरच्या कचेरीने कळवलं की नवीन वर्षाच्या आत कायमचा डॉक्टर मिळाला नाही, तर दवाखान्याला कुलूप. मग सगळ्यात जवळचा डॉक्टर किनाऱ्यावरच्या शहरात. हिवाळ्यात तिथे जायचं म्हणजे बर्फ काढणाऱ्या नांगरगाडीच्या मागे गोगलगाईसारखं सरपटत जायचं. माझ्या बायकोच्या, सीवच्या, हृदयाला यंत्र बसवलेलं आहे. तिने एका वाक्यात निकाल देऊन टाकला होता. "दवाखान्याला कुलूप लागलं तर आपल्या घरालाही लागेल. किनाऱ्यावर लेकीशेजारी फ्लॅट घेऊ. मी त्या नांगरगाडीचे मागचे दिवे बघत मरणार नाही."

फ्लॅट चौथ्या मजल्यावरचा होता. तिथल्या चर्चमध्ये माझ्या जातीच्या आवाजाचे गायक पोत्याने पडलेले आहेत, हेही मी चौकशी करून ठेवलं होतं.

अशात हॉलंडहून डॉ. तेर्पस्त्रा परीक्षेसाठी आल्या. परीक्षा त्यांची नव्हे, आमची. गाव आवडलं तर आगमनाच्या आदल्या दिवशी कायमची सही, नाही तर परतीचं तिकीट. त्यांना पाठवणाऱ्या एजन्सीने निघण्यापूर्वी एक वर्ग घेतला होता. उत्तरेकडची माणसं कशी असतात याचा. वर्ग घेणारा गृहस्थ स्टॉकहोमचा होता, म्हणजे आमच्यापासून तो जवळजवळ हॉलंडइतकाच लांब. त्याने सांगितलं होतं की इकडची माणसं बोलत नाहीत, पितात, आणि मुख्य म्हणजे दुखणं कधीही कबूल करत नाहीत. झाडासारखी उभ्या उभ्या मरतात. तेव्हा डॉक्टरने त्यांच्या बोलण्याकडे न बघता लक्षणांकडे बघावं. बाई येताना लांडगे पळवायची शिट्टी घेऊन आल्या होत्या. वादळात घर ते दवाखाना बांधून ठेवायला एक दोरखंडही होता. दवाखाना त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर आहे.

आम्ही त्यांना जिंकायचं ठरवलं, म्हणजे त्यांना अजिबात त्रास द्यायचा नाही असं ठरवलं. आमच्याकडे पाहुण्याला मान देण्याची हीच रीत आहे. कोणी दवाखान्याची पायरी चढलं नाही. लाकूड कापताना बोट कापून घेतलेल्या माणसाने ते घरीच शिवलं. आणि मग गावसमितीच्या अध्यक्ष मार्गोत, दुकान असल्यामुळे ज्यांना सगळं आधी कळतं, एक दिवस मला पिठाच्या पोत्यांमागे ओढून म्हणाल्या, "बाईने बॅग भरायला घेतलीय. म्हणते, इथे माझी कोणाला गरजच नाही. एलोफ, आजारी पड."

"मी का म्हणून?"

"तू कचेरीतला माणूस. तुला रजा मिळते."

म्हणून मी कान घेऊन गेलो.

"कान दुखतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"श्शुप्," मी म्हणालो.

त्यांनी झटकन वर पाहिलं. "डावा?"

"श्शुप्."

त्यांनी कानात बघायची दुर्बीण खाली ठेवली. "श्वास घ्यायला त्रास होतो?"

"छे, छे."

"आत्ता झाला."

"कुठे?"

"रात्री झोप नीट लागते?"

"श्शुप्."

"शर्ट काढा," डॉक्टर म्हणाल्या. त्या आवाजात पहिल्यांदाच जीव आला होता.

मी पुन्हा पुन्हा सांगितलं की मी ठणठणीत आहे, मी गातो. जितकं जास्त सांगितलं तितक्या त्या जास्त हळुवार झाल्या. शेवटी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मला कल्पना आहे एलोफ. तुम्ही लोक असंच म्हणता. गाणं ताबडतोब बंद करायचं."

घरी येऊन मी सीवला सांगितलं. ती बटाटे किसत होती. गुरुवार होता, आणि गुरुवारी आमच्याकडे पाल्ट असतात, आत डुकराचं मांस भरलेले बटाट्याचे उकडलेले गोळे.

"तू उत्तरं काय दिलीस?"

"सरळ दिली. होला हो, नाहीला नाही."

सीवचा हात थांबला. ती आधी माझ्याकडे, मग खिडकीकडे बघू लागली, आणि मग अशी हसायला लागली की मला तिच्या यंत्राची काळजी वाटली. "अरे, तू हो म्हणालास! आपल्यासारखं! आत ओढून!"

इथे मला थांबून सांगायला हवं की या गोष्टीचा मी जन्मात कधी विचार केला नव्हता. आपण पापण्या मिटतो याचा कोण विचार करतो? आमच्याकडे 'हो' हा शब्द नसतो, श्वास असतो. ओठांचा चंबू करून हवा जराशी आत ओढायची, बशीतली गरम कॉफी फुरकावी तशी, फक्त कॉफी नाही. झालं 'हो'. यात वेळ वाचतो, आणि तोंडातली ऊब बाहेर जात नाही. 'नाही' मात्र आम्ही बाहेर सोडून म्हणतो. तो श्वास फुकट गेला तरी चालतो.

"म्हणजे तिला वाटलं मला धाप लागते?"

"श्शुप्," सीव म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली.

मी बूट चढवले आणि सत्य सांगायला निघालो. एवढं नोंदवून ठेवतो की मी निघालो होतो. दुकानापर्यंत पोचलोही होतो. पण दारात मार्गोत उभ्या होत्या, आणि बर्फ पडत असूनही डोक्यावर टोपी नव्हती.

"काय केलंस रे तू? बाईने बॅग पुन्हा कपाटावर टाकली! म्हणते, या माणसांना सोडून जाणं पाप आहे!"

मी सगळं सांगितलं. दुकानात कॉफी प्यायला जमलेले सगळे ऐकत होते. बराच वेळ कोणी बोललं नाही. स्टॉकहोमचा तो गृहस्थ या बाबतीत अगदीच चुकलेला नाही.

"मग आजारीच राहा," मार्गोत शेवटी म्हणाल्या. "सही होईपर्यंत."

"पण रविवारचं गाणं?"

तेव्हा कोपऱ्यातून रूनो बोलला. नांगरगाडी रूनो चालवतो. गेली कित्येक वर्षं गायकांच्या दुसऱ्या रांगेत उभा राहून तो माझ्या मानेकडे बघतो आहे. "गावासाठी एवढं करायलाच हवं एलोफने," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "गाणं काय, कोणीही गाईल."

"कोणीही म्हणजे कोण?"

"मी बघतो ना काहीतरी."

यानंतर मला आजारी कसं पडावं याचे सल्ले मिळू लागले. हुल्दा आजी म्हणाल्या, खोकताना रुमाल धर, पण रुमाल बघू नकोस, बघितलास की खोटं वाटतं. पोस्टातल्या इंगेगेर्दने चढ चढताना विजेच्या खांबाला टेकायला सांगितलं. रस्त्यावरचे दिवे सांभाळणारा माणूस खांबाला टेकला तर काम करतोय असंच वाटेल, ही सीवची शंका रास्त होती. आणि सगळ्यांचं मिळून एकमत झालं की मी एकटाच आजारी असणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात रांग लागली. मला वाटतं, आमच्या गावाने यापूर्वी एवढ्या उत्साहाने कशात भाग घेतला नसेल. कोणालाही खोटं बोलावं लागत नव्हतं. डॉक्टर विचारत, "पायऱ्या चढता?" आणि आमची माणसं खरंखुरं, प्रामाणिक उत्तर देत. श्शुप्. बाईंच्या गालांवर रंग आला. त्या घरोघरी जाऊ लागल्या, आमच्या चुलीशी बसून कॉफीत चीजचे तुकडे बुडवून खाऊ लागल्या. पुढच्या गुरुवारी त्या जेवणानंतरच्या वेळी गावात फिरल्या आणि त्यांना घरोघरी माणसं बाकांवर आडवी, डोळे मिटलेली, तोंड उघडं अशी सापडली. पाल्ट खाल्ल्यावर दुसरं काही शक्यच नसतं. डॉक्टरांनी 'असाधारण थकवा' असं टिपून घेतलं.

आणि अतिशय कर्तव्यदक्ष असल्यामुळे त्यांनी वरच्या कचेरीला कळवलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वरच्या कचेरीला आमच्या रस्त्याच्या खड्ड्याविषयी कळवलं तर उत्तर यायला हिवाळा जातो. या वेळी लगेच आलं. मीरलिडेनमध्ये श्वसनाचा संशयास्पद आजार. कारण बहुधा लाकडाचा धूर. हवेची तपासणी होईपर्यंत लाकडाच्या चुली आणि सौना, म्हणजे आमची वाफेची न्हाणीघरं, पेटवू नयेत.

बाहेर उणे वीस. सौना बंद.

ज्याने उत्तरेत नोव्हेंबर काढलेला नाही त्याला या वाक्याचं गांभीर्य कळणार नाही. आम्ही दवाखान्याशिवाय जगलो आहोत. डॉक्टरशिवाय तर जगलोच आहोत. सौनाशिवाय कोणी जगलेलं ऐकिवात नाही. माझ्याकडे बघण्याची गावाची नजर बदलली. दुकानात मी शिरलो की बोलणं थांबे. म्हणजे ते एरवीही थांबलेलंच असे, पण आता ते वेगळ्या प्रकारे थांबे.

"एकाच्या कानापायी अख्खं गाव गारठलं," इंगेगेर्द माझ्याकडे न बघता माझी पाकिटं माझ्या हातात देत म्हणाली.

"मी स्वतःहून गेलो नव्हतो!"

"खांबाला टेकायला मीच सांगितलं होतं, तेवढं बाईला सांगू नकोस."

सगळ्यात वाईट म्हणजे रूनो. तो नांगरगाडीत तालीम करायचा. रस्ता साफ करत माझ्या खिडकीखालून जाताना बरोबर तो शेवटचा स्वर लावायचा आणि आमच्या फाटकापर्यंतही न टिकवता सोडून द्यायचा. तो सुटलेला स्वर ऐकून मला रोज खरोखरीची धाप लागे.

"आता तरी सांगून टाकू," मी सीवला म्हणालो.

"सांग. आणि फ्लॅटला पडदे कुठले लावायचे तेही ठरव."

मार्गोतने शेवटी एक योजना काढली. सही आणि तपासणी एकाच दिवशी होती, शनिवारी, चर्चच्या सभागृहात. वरची कचेरी काटकसरी असल्यामुळे नोकरीचा करारनामा आणि हवा मोजायचं यंत्र एकाच बाईबरोबर एकाच गाडीतून पाठवणार होती. तेव्हा शनिवारी गावाने बरं व्हायचं. सगळ्यांनी स्पष्ट, बाहेर सोडून, तोंडाने हो म्हणायचं. डॉक्टरांना वाटेल आपल्या औषधाचा गुण आला. आनंदाने सही करतील. आजारच उरला नाही म्हटल्यावर सौनाही सुटेल.

शुक्रवारी दुकानात सराव झाला. त्याइतकं केविलवाणं दृश्य मी पाहिलेलं नाही. "हो!" मार्गोत ओरडत. "बाहेर! बाहेर सोडा!" सत्तर वर्षांची माणसं भुंकायला शिकणाऱ्या पिल्लांसारखी हो, हो करत होती.

"मला स्टॉकहोमची झाल्यासारखं वाटतंय," हुल्दा आजी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आमच्या आईने हे ऐकलं असतं तर?"

शनिवारी सभागृह भरलेलं होतं. विजेच्या एका शेगडीच्या भरवशावर सगळे कोटासकट बसले होते. डॉक्टर एकेकाजवळ गेल्या.

"बरं वाटतंय, हुल्दा?"

"हो," आजी म्हणाल्या, आणि लाजेने त्यांनी मान फिरवली.

"पायऱ्या चढताना ठीक?"

"हो!" रूनो म्हणाला. रंगीत तालमीसारखा.

"एलोफ?"

"हो," मी म्हणालो.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते बघून मला त्या कोटात घाम फुटला. ही बाई रात्री जागून आमच्यासाठी वाचत होती. त्यांनी डोळे टिपले आणि त्या टेबलाशी येऊन बसल्या. मार्गोतने पेन काढून तयार ठेवलं.

तेवढ्यात दार उघडलं आणि वरच्या कचेरीची बाई बर्फ झटकत, नाव सांगत आत आली. एका हातात करारनाम्याचं पाकीट, दुसऱ्या हातात यंत्राची पेटी. नाव उल्ला. उंच, शांत, किनाऱ्यावरची, पण बोलीवरून पक्की आमच्याच बाजूची. आणि त्या क्षणी मला कळलं की आम्ही सबंध गावाला शिकवलं, हिला शिकवायला विसरलो. मी मार्गोतकडे पाहिलं. मार्गोतने पाकीट तिच्या हातातून जवळजवळ ओढून घेतलं आणि करारनामा डॉक्टरांपुढे ठेवला.

"या, या," डॉक्टर म्हणाल्या. "प्रवास नीट झाला?"

"श्शुप्," उल्ला म्हणाली.

डॉक्टर खुर्चीवरून उठल्या. "तुम्हाला हे आत्ता सुरू झालं? इथे आल्यावर?"

"काय सुरू झालं?"

"आधी सही करून टाका ना डॉक्टर," मार्गोत घाईघाईने म्हणाल्या. "कॉफी गार होतेय."

"थांबा." डॉक्टर उल्लाच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. "छातीत दुखतं?"

"नाही."

"गाडी तुम्हीच चालवत आलात?"

"श्शुप्."

"वाटेत थांबलात?"

"नाही."

"कॉफी घेणार?"

"श्शुप्," उल्ला म्हणाली, आणि मग, थंडीतून आलेली असल्यामुळे, जरा जोरात, "श्शुप्!"

सभागृहात शेगडीची तार तेवढी गुणगुणत होती. डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांची नजर सावकाश एकेका चेहऱ्यावरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"एलोफ. तुम्हाला माहीत होतं?"

मी ठरवून काही बोललो असतो तर कदाचित खोटं बोललो असतो. स्वभावाने मी भित्रा आहे, आणि चौथा मजला मला डोळ्यांसमोर दिसत होता. पण ठरवायच्या आतच श्वास आत गेला.

"श्शुप्."

"सगळ्यांना?"

अख्ख्या सभागृहाने एकदम श्वास आत ओढला. खिडकीचा पडदा हलला, असं रूनो आजही सांगतो.

डॉक्टर खाली बसल्या. समोरच्या कॉफीतला चीजचा तुकडा त्यांनी चमच्याने काढला आणि तोंडात टाकला, बहुधा काहीतरी करायचं म्हणून. "मला वाटलं, तुम्हाला माझी गरज आहे," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकवेना. "मला सांगितलं होतं की इथली माणसं दुखणं लपवतात. मी तुमचा प्रत्येक शब्द सोडून दिला आणि लक्षणं शोधत बसले. तुम्ही मला हो म्हणत होतात, आणि मी तुम्हाला तपासत होते." त्यांनी करारनामा उल्लाकडे सरकवला. "तुम्ही ठणठणीत आहात. मग मी इथे कशाला राहू?"

सीव उठली. "माझ्या छातीत यंत्र आहे," ती म्हणाली. "ते मात्र खरं आहे. मी रांगेत उभी राहिले नाही, कारण तुम्हाला उगीच त्रास नको."

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिल्या.

"माझं बोट," मागून कोणीतरी म्हणालं. "मी घरीच शिवलंय. जरा हिरवं दिसतंय."

"मला दोन हिवाळ्यांपासून डाव्या डोळ्याने दिसत नाही," हुल्दा आजी म्हणाल्या. "पण लांडगे तुम्हाला घाबरवत असतील, त्यात माझं आणखी कशाला."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. "मी राहावं असं तुम्हाला वाटतं?" त्यांनी विचारलं, आणि सभागृहाने ओठांचा चंबू केलेला बघून हात वर केला. "नाही. तसं नाही. मला समजेल असं."

कोणालाही बोलता येईना. आदल्या दिवशीचा सगळा सराव पाण्यात गेला होता. खोटं बोलायचं होतं तोवर शब्द बाहेर येत होता, खरं म्हणायची वेळ आली तसा तो आत अडकला. मार्गोत माझ्याकडे बघत होत्या. रूनो माझ्या मानेकडे बघत होता. मी उठलो. मला शब्द म्हणता येईना, म्हणून मी तो गायलो. आगमनाच्या गाण्यातल्या शेवटच्या स्वरात, पोटापासून, बाहेर सोडून, एकच शब्द. "हो." मी तो धरून ठेवला. हुल्दा आजींनी पर्स उघडली. गोळी शोधली. कागद सोडला. सबंध सभागृह त्या कागदाची चुरचुर ऐकत होतं. आजींनी गोळी तोंडात टाकली, आणि तेव्हा मी थांबलो.

"ही फुप्फुसं मी बंद करायला सांगितली होती," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

"मग?" मार्गोतने विचारलं. "राहणार?"

डॉ. तेर्पस्त्रांनी आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. ओठांचा चंबू केला, आणि आमच्या पद्धतीने, पूर्ण ताकदीने, हवा आत ओढली.

हवेबरोबर चीजही आत गेलं.

त्या लाल झाल्या, मग जांभळ्या झाल्या आणि टेबलावर वाकल्या. मी पाठीत गुद्दे घालायला धावलो, उल्लाने यंत्राची पेटी टाकली, आणि हुल्दा आजी एका डोळ्याने सगळं बघत तोंडातल्या गोळीसकट किंचाळल्या, "अरे, बघत काय बसलात? डॉक्टरला बोलवा!"

टेबलावर पालथ्या, खोकत खोकत, डॉक्टरांनी एक हात वर केला. दुसऱ्या हाताने त्या पेन शोधत होत्या.